विश्लेषण : मूत्राशयाच्या कॅन्सरच्या ‘सेल लाइन’ कशा तयार होतात आणि त्यात खान्देशातला रुग्ण कुठे आहे?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एक आराखडा जाहीर केला. मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रकारच्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायच्या आणि त्यांच्या जागी संगणकीय मॉडेल, मानवी पेशी आणि ऑर्गनॉइड यांचा वापर वाढवायचा, असं त्यात म्हटलं आहे. भारताने त्याआधी, मार्च २०२३ मध्येच, नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत बदल करून अशा पर्यायी पद्धतींना जागा करून दिली होती.

म्हणजे येत्या काळात औषध माणसापर्यंत पोहोचण्याआधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर जास्त भिस्त असेल. मग साधा प्रश्न येतो : या पेशी कुणाच्या?

मूत्राशयाच्या, म्हणजे बोलीभाषेत लघवीच्या पिशवीच्या, कॅन्सरचं उदाहरण घेतलं तर हा प्रश्न नीट समजतो. २०२२ मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि २ लाख २० हजारांहून अधिक मृत्यू झाले. भारतात दरवर्षी वीस हजारांच्या आसपास नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. मात्र, या आजारावरचं प्रयोगशाळेतलं बरंचसं संशोधन ज्या मोजक्या पेशींवर चालतं, त्या युरोप, अमेरिका आणि जपानमधल्या रुग्णांकडून आलेल्या आहेत. जळगाव किंवा धुळ्यातल्या रुग्णाला याने काय फरक पडतो?

सेल लाइन म्हणजे नेमकं काय?

शरीरातून काढलेल्या साध्या पेशी बाटलीत ठेवल्या तर काही काळ वाढतात आणि थांबतात. कॅन्सरच्या काही पेशी मात्र योग्य अन्न, ऊब आणि जागा मिळाली की विभागत राहतात. त्या एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत, दुसरीतून चौथीत काढता येतात, गोठवून ठेवता येतात आणि वर्षांनंतर पुन्हा जिवंत करता येतात. एकाच रुग्णाच्या गाठीपासून निघालेल्या अशा पेशींच्या अखंड वंशाला ‘सेल लाइन’ म्हणतात.

याचा फायदा मोठा आहे. पुण्यातला संशोधक आणि टोकियोतला संशोधक एकाच सेल लाइनवर तोच प्रयोग करून निष्कर्ष ताडून पाहू शकतात. रुग्णावर थेट प्रयोग न करता शेकडो रसायनं तपासता येतात.

गाठीपासून बाटलीपर्यंतचा प्रवास

मूत्राशयाची गाठ बहुतेक वेळा पोट न उघडता, लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढतात. काढलेला मुख्य तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो, कारण निदान सर्वांत आधी. उरलेला छोटा भाग, रुग्णाची संमती असेल तर, संशोधनासाठी वापरता येतो.

हा तुकडा निर्जंतुक, थंड द्रवात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तिथे त्याचे बारीक तुकडे करून, विकरांच्या मदतीने पेशी सुट्या करतात. मग साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि बहुधा गर्भस्थ वासराच्या रक्तातला सीरम असलेल्या माध्यमात त्या ठेवतात. तापमान ३७ अंश सेल्सिअस, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

इथून खरी कसोटी सुरू होते. मूत्राशयाच्या नमुन्यात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे अनेक बाटल्या पहिल्याच आठवड्यात फेकून द्याव्या लागतात. गाठीसोबत आलेल्या फायब्रोब्लास्ट या आधारपेशी कॅन्सरच्या पेशींपेक्षा वेगाने पसरतात आणि बाटली व्यापून टाकतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच पेशी काही वेळा विभागून थांबतात. लागवड केलेल्या बहुतेक नमुन्यांची सेल लाइन होतच नाही.

या गाळणीतून जे टिकतं ते प्रातिनिधिक असतंच असं नाही. निदानाच्या वेळी मूत्राशयाचे साधारण तीन चतुर्थांश कॅन्सर वरच्या थरापुरते असतात, स्नायूत शिरलेले नसतात. बाटलीत मात्र आक्रमक, पुढच्या टप्प्यातल्या गाठींच्या पेशी जास्त तगतात. म्हणून दवाखान्यात जो आजार सर्वाधिक दिसतो, त्याचे नमुने संशोधनात कमी असतात.

ओळखपत्राशिवाय पेशी बिनकामाच्या

पेशी वाढल्या म्हणजे सेल लाइन झाली, असं होत नाही. तिची ओळख पटवावी लागते. संशोधक त्याला ‘कॅरॅक्टरायझेशन’ म्हणतात.

त्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात, त्यांची संख्या दुप्पट व्हायला किती तास लागतात, गुणसूत्रं किती आणि कशी आहेत, हे नोंदवतात. पेशी मूत्राशयाच्या अस्तराच्याच आहेत का, हे सायटोकेरॅटिन, युरोप्लाकिन, गाटा-३ अशा प्रथिनांवरून पाहतात. टीपी-५३, एफजीएफआर-३, टर्ट यांसारख्या जनुकांत कोणते बदल आहेत, ते तपासतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात या पेशी गाठ तयार करतात का, सिस्प्लॅटिनसारख्या औषधाला त्या कशा प्रतिसाद देतात, याच्याही चाचण्या होतात.

सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे एसटीआर प्रोफाइल. गुन्हे अन्वेषणात डीएनएवरून माणूस ओळखतात, तीच ही पद्धत. रुग्णाच्या रक्ताचा आणि सेल लाइनचा डीएनए जुळला, तरच ती त्या रुग्णाची. शिवाय मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा शिरकाव झालेला नाही ना, हे वारंवार पाहावं लागतं. त्याने माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत. प्रयोगाचे निकाल मात्र बिघडतात.

एका स्वीडिश आजींच्या गाठीने काय शिकवलं?

मूत्राशयाच्या कॅन्सरची सर्वांत प्रसिद्ध सेल लाइन टी-२४. ती १९७० मध्ये ८१ वर्षांच्या एका स्वीडिश महिलेच्या गाठीपासून तयार झाली. १९८२ मध्ये याच पेशींनी कॅन्सरविज्ञानाला कलाटणी दिली. माणसाच्या कॅन्सरमधलं जनुक साध्या जनुकापेक्षा नेमकं कुठे वेगळं असतं, याचा शोध अमेरिकेतल्या तीन गटांनी जवळपास एकाच वेळी लावला. फरक होता डीएनएच्या एका अक्षराचा. एचरास नावाच्या जनुकात ‘जी’च्या जागी ‘टी’ आलं होतं आणि त्यामुळे प्रथिनातल्या बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन बसलं होतं. त्यातल्या एका शोधनिबंधाचे पहिले लेखक होते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पीएचडी केलेले ई. प्रेमकुमार रेड्डी.

दुसरं उदाहरण आरटी-४ या लंडनमधल्या सेल लाइनचं. तिची माहिती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. चार दशकांनंतर तिच्यात एफजीएफआर-३ हे जनुक दुसऱ्या एका जनुकाला चिकटलेलं आढळलं. या जनुकातल्या बिघाडांवर नेम धरणारं एर्डाफिटिनिब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मूत्राशयाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. पन्नास वर्षांपूर्वी जपून ठेवलेल्या पेशी आजही अशा कामी येतात.

भलत्याच पेशींवर वर्षानुवर्षं संशोधन

ओळख न पटवल्याची किंमतही याच क्षेत्राने मोजली आहे. केयू-७ ही जपानमधली सेल लाइन मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कॅन्सरचा नमुना म्हणून अनेक वर्षं वापरली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसलं की त्या पेशी मूत्राशयाच्या नव्हत्याच. त्या हेला होत्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या. कधीतरी एका बाटलीतून दुसरीत गेलेल्या काही हेला पेशींनी मूळ पेशींना मागे टाकलं होतं.

उलटही घडलं. ईसीव्ही-३०४ ही सेल लाइन १९९० मध्ये नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराची म्हणून जाहीर झाली आणि रक्तवाहिन्यांच्या संशोधनात सर्रास वापरली गेली. दहा वर्षांच्या आत कळलं की ती प्रत्यक्षात टी-२४ आहे. चुकीची ओळख असलेल्या सेल लाइनच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज पाचशेहून अधिक नावं आहेत. या चुकांमागे बहुतेक वेळा कुणाचा खोटेपणा नसतो. एकच पिपेट दोनदा वापरणं, बाटलीवरची चिठ्ठी चुकणं एवढं पुरतं.

महाराष्ट्राचा वाटा

पेशी वाढवण्याच्या शास्त्राची भारतातली सुरुवात मुंबईत झाली, आणि ती एका मराठी शास्त्रज्ञ महिलेने केली. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. पुढे त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला ही सेल लाइन ज्यांनी तयार केली, ते हेच गाय. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईतल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

हेच केंद्र पुढे टाटा मेमोरियलच्या छत्राखाली कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं आणि आता खारघरच्या ॲक्ट्रेकचा भाग आहे. १९९० मध्ये इथल्याच संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या कॅन्सरपासून चार नव्या सेल लाइन तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. तंबाखू चघळण्यातून होणारा हा कॅन्सर आपल्याकडे फार मोठा. पाश्चात्त्य रुग्णांच्या पेशींवर त्याचा पूर्ण उलगडा होणार नाही, हा त्यामागचा विचार होता. मूत्राशयाच्या कॅन्सरलाही तोच विचार लागू होतो.

दुसरी महत्त्वाची संस्था पुण्याची. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, देशाची पेशीबँक सांभाळतं. तिथे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये सेल लाइन जपल्या जातात आणि देशभरातल्या महाविद्यालयांना, विद्यापीठांना पुरवल्या जातात.

खान्देशात काय आहे, काय नाही?

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांत खासगी वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि शिरपूरचं आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय अशा संस्थांमुळे जीवशास्त्र आणि फार्मसी शिकलेल्या मुलामुलींची इथे कमतरता नाही.

म्हणजे रुग्ण आहेत, शस्त्रक्रिया करणारे आहेत, पेशी हाताळू शकणारे पदवीधर आहेत. पण हे तिघं एका साखळीत नाहीत. गाठ काढली जाते एका शहरात, तिचं निदान दुसऱ्या लॅबमध्ये आणि पुढचा उपचार नाशिक, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, सुरत किंवा इंदूरला. प्रत्येक टप्प्यावर कागद आणि नमुने विखुरतात. ताजी गाठ काही तासांत पेशीप्रयोगशाळेत पोहोचणं, हा सेल लाइनचा पहिला नियम. जळगाव ते मुंबई अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे.

जगातही चित्र एकतर्फीच आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरचा मोठा जनुकीय नकाशा २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टीसीजीए प्रकल्पाने प्रसिद्ध केला. त्यात ४१२ गाठींचा अभ्यास होता आणि बहुतांश रुग्ण गोरे होते.

‘अमुक अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या’ : ही बातमी कशी वाचायची?

सेल लाइनचा सामान्य वाचकाशी सर्वांत थेट संबंध इथे येतो. एखाद्या पानाच्या, सालीच्या, बियांच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी नष्ट झाल्या, अशा बातम्या वरचेवर येतात. व्हॉट्सॲपवर त्यांचं ‘कॅन्सरवर रामबाण’ होतं आणि काही रुग्ण सुरू असलेले उपचार थांबवतात.

असे प्रयोग बहुधा एमटीटी नावाच्या चाचणीने होतात. ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत सेल लाइन वाढवतात, त्यात अर्क वेगवेगळ्या प्रमाणात टाकतात आणि नंतर एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. रंग जितका फिका, तितक्या कमी पेशी उरल्या. पद्धत चांगली आणि स्वस्त आहे. विद्यार्थ्यांनी ती जरूर करावी. पण तिच्या निकालाचा अर्थ मर्यादित असतो.

ताटलीत फिनाइल टाकलं तरी पेशी मरतील. म्हणून बातमी वाचताना चार गोष्टी पाहायच्या. अर्काने निरोगी पेशींना इजा होते का, हे सोबत तपासलं आहे का? लागलेलं प्रमाण रक्तात किंवा मूत्राशयात पोहोचणं शक्य आहे का? प्रयोग एकाच सेल लाइनवर झाला की अनेक? आणि त्या लाइनची एसटीआर तपासणी झाली होती का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर तो प्रयोग पहिली पायरी आहे, औषध नव्हे.

खान्देशातल्या रुग्णांच्या पेशींनी काय कळेल?

या कॅन्सरचं सर्वांत मोठं सिद्ध झालेलं कारण धूम्रपान आहे. विडी-सिगारेटच्या धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात आणि तासन् तास पिशवीच्या अस्तराला लागून राहतात. रंग आणि रबर कारखान्यांतल्या ॲरोमॅटिक अमाइन रसायनांचा धोका तर जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगकामगारांमध्ये दाखवून दिला होता. पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक हेही एक सिद्ध कारण.

प्रत्येक कारण डीएनएवर आपला ठसा सोडतं. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींच्या औषधांमुळे होणाऱ्या मूत्रमार्गाच्या कॅन्सरमध्ये असा ठसा इतका स्पष्ट असतो की तैवानमध्ये त्यावरूनच कारण ओळखता आलं. जळगाव-धुळ्यातल्या गाठींत कोणते ठसे दिसतात, हे पाहिलं तर इथल्या धोक्यांबद्दल ठोस काही बोलता येईल.

पण अपेक्षा मापात हवी. एका रुग्णाची सेल लाइन म्हणजे खान्देश नव्हे. कापसावरची फवारणी किंवा केळीच्या बागा यांच्यावर एका बाटलीवरून बोट ठेवता येणार नाही. त्यासाठी शेकडो रुग्णांची कामाची, व्यसनाची, पाण्याची माहिती नोंदवणारी कॅन्सर नोंदवही लागते. पेशी आणि नोंदी एकत्र आल्या तरच चित्र पूर्ण होतं.

सेल लाइनसोबत आता ऑर्गनॉइडचाही पर्याय आहे. यात पेशी सपाट न वाढवता जेलमध्ये गोळ्यासारख्या वाढवतात. त्या मूळ गाठीच्या जवळ जाणाऱ्या असतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांपासून असे ऑर्गनॉइड तयार करून त्यांची पेढी उभी करता येते, हे दाखवलं.

गाठ कुणाची, हक्क कुणाचा?

१९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी महिलेच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि त्यांची हेला झाली. कुटुंबाला हे कळायला दोन दशकं लागली. त्या पेशींवर कमाई करणाऱ्या थर्मो फिशर कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ मध्ये.

भारतात आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी नमुना घेताना रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरची सही त्यासाठी पुरेशी नाही. नमुना कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार, कुणाला देणार, नाव कसं झाकणार आणि रुग्णाला संमती मागे घेता येईल का, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगायला हवं. यावल-रावेरच्या शेतमजुराला किंवा साक्री-शिरपूरच्या आदिवासी पाड्यावरच्या माणसाला इंग्रजी फॉर्म पुढे करून अंगठा घेतला, तर ती संमती ठरत नाही. नकार दिल्याने उपचारात काही फरक पडणार नाही, हेही स्पष्ट सांगावं लागतं.

पुढे काय होऊ शकतं?

जळगाव किंवा धुळ्यात लगेच मोठी पेशीप्रयोगशाळा उभी राहण्याची गरज नाही. पहिलं पाऊल याहून साधं आहे. शासकीय महाविद्यालयांत संमती घेऊन नमुना गोळा करण्याची ठरलेली पद्धत, गाठीचा तुकडा पेशी जिवंत राहतील अशा रीतीने गोठवण्याची सोय, सोबत रुग्णाची नीट भरलेली माहिती, आणि पुणे किंवा खारघरच्या संस्थेशी करार. यातली बरीचशी कामं उपकरणांपेक्षा शिस्तीची आहेत.

तोपर्यंत रुग्णासाठी एक गोष्ट कोणत्याही सेल लाइनपेक्षा महत्त्वाची आहे. लघवीतून, विशेषतः न दुखता, रक्त जाणं हे या कॅन्सरचं सर्वांत नेहमीचं पहिलं लक्षण आहे. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ते ‘उष्णतेमुळे’ किंवा ‘मूतखडा असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. एकदा येऊन थांबलं की माणूस विसरतो. पण रक्त आपोआप थांबणं हेही या आजारात नेहमीचंच. चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने तर एकदाही असं रक्त दिसलं की लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी. वरच्या थरात असताना सापडलेल्या या कॅन्सरमध्ये अनेकदा पिशवी वाचवता येते, मात्र तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असल्यामुळे त्यानंतरही ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवून चालत नाही.